उपग्रह आपला, अग्निबाण दुसऱ्याचा

अवकाशयुगाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दोनच राष्ट्रे उभी राहतात. १९५७ चा स्पुटनिक, १९६१ मधील गागारिनची पृथ्वीप्रदक्षिणा, १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेले आर्मस्ट्राँगचे पाऊल! रशिया आणि अमेरिका यांच्या या चढाओढीची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. दोघांकडेही पैसा होता, शास्त्रज्ञ होते आणि एकमेकांची धास्ती होती. एवढे सगळे असले म्हणजे निर्णय घेणे फारसे अवघड जात नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने खरे पाहावे ते मधल्या राष्ट्रांकडे. विद्या आहे, पण खजिना मर्यादित. महत्त्वाकांक्षा आहे, पण अर्थमंत्री ‘हे कशासाठी?’ म्हणून विचारणारा. अशा राष्ट्रांना आपल्या प्रत्येक अग्निबाणाचे उत्तर द्यावे लागते आणि त्या उत्तरांतून त्यांचे राजकारण उघडे पडते.

ब्रिटन आणि फ्रान्स या शेजाऱ्यांची उदाहरणे या दृष्टीने फार बोलकी आहेत. १९६० साली अग्निबाणविद्येत ब्रिटन फ्रान्सच्या निश्चितच पुढे होता. १९८० साली फ्रान्सच्या पुढाकाराने बांधलेला अग्निबाण युरोपचे उपग्रह वर नेऊ लागला होता आणि ब्रिटनकडे स्वतःचा असा एकही अग्निबाण उरला नव्हता. वीस वर्षांत हे पारडे कसे फिरले?

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. उपग्रह ही एक वस्तू आणि त्याला वर नेणारा अग्निबाण ही निराळी. उपग्रह हा माल म्हटला तर अग्निबाण ही गाडी. माल तयार करणे तुलनेने सोपे आणि ते अनेक राष्ट्रांनी केले. गाडी बांधणे कठीण, खर्चाचे, आणि शिवाय संशयाचे. कारण जो अग्निबाण उपग्रह नेतो तोच थोड्या फेरफाराने अण्वस्त्रही नेऊ शकतो. म्हणून गाडीवाले थोडे आणि मालवाले पुष्कळ, अशी जगाची विभागणी झाली. मालवाल्याने गाडीवाल्याच्या दारात उभे राहायचे, हा त्यातला उघड व्यवहार. गाडीवाला भाडे किती घेतो याची चर्चा पुष्कळ झाली आहे. तो अटी कोणत्या घालतो याकडे मात्र लक्ष उशिराच गेले.

ब्रिटनने १९५५ च्या सुमारास ‘ब्लू स्ट्रीक’ नावाचे क्षेपणास्त्र बांधायला घेतले. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारे हे यंत्र उत्तम होते, पण शस्त्र म्हणून त्यात एक वर्मी दोष होता. द्रव ऑक्सिजन टाकीत भरून ठेवता येत नाही, तो ऐन वेळी भरावा लागतो. आणि शत्रूचे अस्त्र चारसहा मिनिटांत येऊन पडणार असेल तर इंधन भरायला सवड कोण देणार? एप्रिल १९६० मध्ये मॅकमिलन सरकारने ब्लू स्ट्रीकचा शस्त्र म्हणून त्याग केला. तोवर सहा कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला होता. त्याऐवजी अमेरिकेचे ‘स्कायबोल्ट’ हे विमानातून सोडायचे अस्त्र घ्यायचे ठरले. ते अमेरिकेने १९६२ च्या अखेरीस स्वतःच रद्द केले! मॅकमिलनना बहामा बेटांवरील नासाऊ येथे केनेडींची भेट घेऊन ‘पोलॅरिस’ पदरात पाडून घ्यावे लागले. दुसऱ्याच्या भरवशावर आपले यंत्र टाकून देण्याचा ब्रिटनचा हा पहिला धडा. तो ब्रिटनने कितपत घेतला हे पुढे दिसेलच.

तयार असलेल्या ब्लू स्ट्रीकचे आता करायचे काय? ब्रिटन त्या सुमारास युरोपीय सामायिक बाजारपेठेच्या दारात उभा होता. युरोपशी सलोखा करायचा तर हातात काही भेट हवी. ब्लू स्ट्रीक ही ती भेट झाली. १९६२ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि प्रक्षेपणासाठी वूमेराचे वाळवंट देणारा ऑस्ट्रेलिया यांनी ‘एल्डो’ या संस्थेच्या करारावर सह्या केल्या. जानेवारी १९६३ मध्ये जनरल द गॉल यांनी ब्रिटनला बाजारपेठेत घेण्यास साफ नकार दिला. लग्न मोडले, पण मांडव तसाच राहिला. एल्डोचा करार १९६४ मध्ये अमलात आला आणि तिच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, ब्रिटनच्याच अंगावर राहिला.

एल्डोच्या ‘युरोपा’ अग्निबाणाची रचना राजकारणाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. पहिला टप्पा ब्रिटनचा ब्लू स्ट्रीक, दुसरा फ्रान्सचा ‘कोराली’, तिसरा जर्मनीचा ‘अ‍ॅस्ट्रिस’. चाचणीचा उपग्रह इटलीचा, जमिनीवरील मार्गदर्शन बेल्जियमचे, दूरमापन हॉलंडचे. प्रत्येक सरकार आपापल्या कारखानदाराला पैसे देणार आणि हिशेब आपल्याच संसदेला सांगणार. मधल्या कचेरीला कुणा कारखानदाराचा कान धरण्याचा अधिकार नव्हता. ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ असे आपल्याकडे म्हणतात, त्याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही. १९६४ ते १९७१ या काळात युरोपाची अकरा उड्डाणे झाली. ब्रिटिश टप्पा आपले काम चोख करी आणि वरचे टप्पे दगा देत. एकही उपग्रह कक्षेत गेला नाही. ५ नोव्हेंबर १९७१ चे अकरावे उड्डाण काही मिनिटांतच कोसळले. त्यानंतरच्या चौकशीत दोष केवळ एखाद्या यंत्राला दिला गेला नाही. सगळ्या कारभाराच्या रचनेवरच बोट ठेवले गेले.

ब्रिटनचा उत्साह त्याआधीच मावळला होता. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, आणि पुढच्याच वर्षी कबूल केलेल्या रकमेपलीकडे एल्डोला पैसे मिळणार नाहीत असे विल्सन सरकारने जाहीर केले.

त्याच वेळी वाइट बेटावर काही इंजिनिअर ‘ब्लॅक अ‍ॅरो’ नावाचा एक लहानसा अग्निबाण बांधत होते. हायड्रोजन पेरॉक्साइड व केरोसीन ही त्याची इंधने. अख्ख्या कार्यक्रमाचा खर्च सुमारे नव्वद लाख पौंड, म्हणजे ब्लू स्ट्रीकच्या तुलनेत चिल्लर. २९ जुलै १९७१ रोजी मंत्री फ्रेडरिक कॉरफील्ड यांनी पार्लमेंटात हा कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले. कारण साधे होते : अमेरिकेचा ‘स्काउट’ हा तयार अग्निबाण स्वस्त पडतो. मात्र एक अग्निबाण तयार होऊन वूमेराकडे निघालाच होता, तो उडवायची परवानगी राहिली. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी तो उडाला आणि ६६ किलो वजनाचा ‘प्रॉस्पेरो’ कक्षेत पोचला. आपल्या अग्निबाणाने आपला उपग्रह सोडणारे ब्रिटन हे सहावे राष्ट्र. रशिया, अमेरिका, फ्रान्स, जपान व चीन हे त्याच्या आधीचे. ही विद्या हस्तगत करून ती आपण होऊन सोडून देणारे राष्ट्र मात्र ते एकटेच. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधला प्रॉस्पेरो अखेरीस आपली जादू टाकून देतो, हे इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच.

ब्रिटिश अर्थखात्याला मूर्ख ठरवण्याचा मोह येथे होतो. पण तसे करणे अन्याय होईल. स्काउट खरोखरच स्वस्त होता. १९६२ साली ब्रिटनचा पहिला शास्त्रीय उपग्रह ‘एरियल’ अमेरिकेनेच वर नेला होता. ब्रिटनचे अमेरिकेशी नातेही जवळचे होते. हिशेबाच्या वहीत चूक नव्हती. फक्त त्या वहीत एक रकाना नव्हता. उद्या माल शास्त्राचा न राहता व्यापाराचा झाला तर गाडीवाला काय म्हणेल, हा तो रकाना.

तो भरण्याची पाळी फ्रान्स आणि जर्मनी यांच्यावर आली.

फ्रान्सचा मार्ग निराळा होता आणि तो मुळात काही सोज्वळ नव्हता. १९५८ मध्ये सत्तेवर परतलेल्या द गॉल यांना अमेरिकेच्या छत्राखाली न राहणारे अण्वस्त्र हवे होते. त्यासाठी क्षेपणास्त्रे हवीत, म्हणून ‘अगेट’, ‘टोपाझ’, ‘एमरूद’, ‘सफीर’ अशी रत्नांची नावे दिलेल्या चाचणी-अग्निबाणांची एक मालिका निघाली, आणि तिच्यातूनच ‘दियामाँ’ म्हणजे हिरा हा उपग्रह नेणारा अग्निबाण घडला. १९६१ च्या डिसेंबरात कायदा करून राष्ट्रीय अवकाश केंद्र स्थापन झाले. २६ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्जीरियातील हम्मागीर येथून ‘अ‍ॅस्तेरिक्स’ हा फ्रेंच उपग्रह उडाला. ५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. हा योगायोग मानायचा की नाही हे वाचकांनीच ठरवावे! आणखी गंमत अशी की त्या निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी फ्रान्सचा दुसरा एक उपग्रह अमेरिकेने आपल्या स्काउटवरून कॅलिफोर्नियातून सोडला. शास्त्राच्या बाबतीत अमेरिकेचा हात आखडता नव्हता, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला होता. एव्हियाँ येथील करारान्वये सहारातील तळ फ्रान्सला पाचच वर्षे वापरता येणार होते. नवी जागा १९६४ मध्येच निवडण्यात आली, ती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फ्रेंच गयानामधले कुरू. विषुववृत्तापासून केवळ पाच अंश उत्तरेला आणि पूर्वेला मोकळा समुद्र. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना विषुववृत्तावरील बिंदूला ताशी सुमारे १,६७० किलोमीटरचा वेग आपसूक मिळतो. तेवढा अग्निबाणाचा भार हलका होतो. भूगोलाने फ्रान्सला ही देणगी दिली खरी, पण ती एका वसाहतीतून पाय काढून दुसऱ्या जुन्या वसाहतीत रोवून मिळवलेली होती. कुरूच्या परिसरातील कित्येक कुटुंबांना जमिनी सोडून उठावे लागले. आकाशाकडे पाहणाऱ्यांनी पायाखालची ही जमीनही पाहावी. २०१७ मध्ये गयानाच्या जनतेने शाळा, दवाखाने व रोजगार यांसाठी जो मोठा संप केला, त्यात एरियनचे प्रक्षेपण कित्येक आठवडे अडले. ज्या गावातून अब्जावधींचे उपग्रह उडतात तेथे साध्या सोयी नसाव्यात, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९६७ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी ‘सिंफनी’ नावाचे दोन दळणवळण-उपग्रह बांधण्याचा करार केला. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर ठेवायचे. तेथे उपग्रहाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच वेळात होते आणि तो आकाशात एका जागी टांगल्यासारखा दिसतो. टेलिफोन व दूरचित्रवाणीसाठी ही जागा सोन्यासारखी. सिंफनी युरोपावरून जायचे होते, युरोपा कोसळला. मग अमेरिकेकडे विनंती गेली.

त्या काळी उपग्रहांद्वारे होणारे आंतरराष्ट्रीय दळणवळण ‘इंटेलसॅट’ या संघटनेकडे होते. १९६४ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्यातील साठ टक्क्यांहून अधिक वाटा अमेरिकेच्या ‘कॉमसॅट’ या कंपनीचा होता. सिंफनीसारखा दुसरा उपग्रह व्यापारात उतरला तर त्या मक्तेदारीला धक्का बसणार. म्हणून अमेरिकेने अग्निबाण दिला, पण अट घातली : उपग्रह केवळ प्रयोगासाठी वापरायचा, धंद्यासाठी नाही. युरोपच्या पैशांनी, युरोपच्या इंजिनिअरांनी बांधलेल्या उपग्रहाचे काय करायचे हे वॉशिंग्टनने ठरवले. ज्याच्या हाती ससा तो पारधी! अट मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पहिला सिंफनी डिसेंबर १९७४ मध्ये आणि दुसरा ऑगस्ट १९७५ मध्ये अमेरिकन ‘डेल्टा’वरून गेला.

या अटीची चर्चा चालू असतानाच फ्रान्सने नवा अग्निबाण पुढे मांडला. ३१ जुलै १९७३ रोजी ब्रुसेल्स येथे युरोपीय मंत्र्यांची जी बैठक झाली, ती म्हणजे देवघेवीचा एक नमुनाच. फ्रान्सला अग्निबाण हवा होता. जर्मनीला अमेरिकन शटलमध्ये बसवायची ‘स्पेसलॅब’ ही प्रयोगशाळा हवी होती. ब्रिटनला जहाजांच्या संदेशांसाठी उपग्रह हवा होता. तिघांनी एकमेकांच्या मागण्या मान्य केल्या. पण युरोपाची पुनरावृत्ती फ्रान्सला नको होती. त्याने खर्चाचा साठ टक्क्यांहून अधिक भार स्वतः उचलला, खर्च ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर तोही सोसण्याची हमी दिली आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली : कारभार आमच्या अवकाश केंद्राच्या हाती. बारभाईंचा एक भाई झाला. एरियनच्या यशाचे निम्मे रहस्य येथेच आहे असे मला वाटते. इंजिने हे उरलेले निम्मे.

इंजिनांतही फ्रेंचांनी जाणूनबुजून धाडस टाळले. पहिल्या टप्प्यात चार आणि दुसऱ्यात एक अशी ‘वायकिंग’ इंजिने, साठवून ठेवता येणाऱ्या परिचित इंधनांवर चालणारी. फक्त तिसऱ्या टप्प्यात द्रव हायड्रोजन. १९७४ मध्ये जिस्कार देस्ताँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर काटकसरीच्या नावाखाली या कार्यक्रमावर गंडांतर आले; तो वाचला, पण जुना दियामाँ मात्र १९७५ मध्ये बंद करण्यात आला. १५ डिसेंबर १९७९ रोजी पहिला एरियन पेटला आणि जागीच विझला. २४ डिसेंबरला तो उडाला. दुसरे उड्डाण, मे १९८० मध्ये, समुद्रात गेले. पण त्याआधीच, मार्च १९८० मध्ये, ‘एरियनस्पेस’ ही प्रक्षेपणाचा व्यापार करणारी कंपनी उभी राहिली होती. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर शटल सात अंतराळवीरांसह नष्ट झाले आणि शटलने व्यापारी उपग्रह नेणे बंद झाले. पुढच्या दशकात जगातील व्यापारी उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक कुरूच्या वाटेने जाऊ लागले.

या कथेत आपलाही देश ठिकठिकाणी डोकावतो. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेचा ‘ए.टी.एस.-६’ हा उपग्रह भारतासाठी उसना मिळाला. सहा राज्यांतील २,४०० खेडी त्यावरून दूरचित्रवाणी पाहू लागली; त्यांत उत्तर कर्नाटकातलीही होती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, पडदे काळे झाले. १९७७ ते ७९ या काळात धंद्याला मनाई असलेल्या त्याच सिंफनीवर भारताने टेलिफोन-दळणवळणाचे प्रयोग केले. प्रयोगाला मुभा होती, त्याचा लाभ आपल्याला झाला! १९ जून १९८१ रोजी एरियनच्या तिसऱ्या उड्डाणात ‘अ‍ॅपल’ हा भारताचा दळणवळण-उपग्रह विनाशुल्क गेला. नवख्या अग्निबाणावर माल चढवायला गिऱ्हाईक सहसा धजत नाही, आपण धजलो. बैलगाडीवर ठेवलेल्या अ‍ॅपलचे छायाचित्र आजही छापले जाते. पुष्कळांना त्यात केवळ दारिद्र्य दिसते. वास्तविक चाचणीत धातूचा अडथळा नको म्हणून लाकडी गाडी वापरली होती.

याहून मोलाचा व्यवहार १९७४ चा. वायकिंगच्या विकासात भारतीय इंजिनिअरांनी फ्रान्समध्ये काम करायचे आणि मोबदल्यात ते तंत्र भारताला मिळायचे, असा करार झाला. त्यातून ‘विकास’ इंजिन घडले. पी.एस.एल.व्ही.चा दुसरा टप्पा याच इंजिनावर चालतो. द्रव हायड्रोजनच्या टप्प्याची गोष्ट मात्र अशी सरळ झाली नाही. १९९१ मध्ये रशियाच्या ‘ग्लाव्हकॉसमॉस’शी तंत्रासह करार झाला, मे १९९२ मध्ये अमेरिकेने क्षेपणास्त्र-प्रसाराचे कारण दाखवून दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले, १९९३ मध्ये रशियाने तंत्र देण्यास नकार दिला आणि नुसती तयार इंजिने देऊ केली. आपले स्वतःचे असे इंजिन यशस्वी झाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मधली वीस वर्षे आपले जड दळणवळण-उपग्रह बहुतांशी कुरूहून उडत आणि हासनच्या केंद्रातून त्यांची देखभाल होई.

मिळालेली विद्या कायमची आपली, असे मात्र कुणी समजू नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि कुरूहून उडणारे रशियन ‘सोयुझ’ बंद झाले. त्याच वर्षी डिसेंबरात लहान ‘व्हेगा-सी’ कोसळला. जुलै २०२३ मध्ये ‘एरियन-५’चे अखेरचे उड्डाण झाले आणि ‘एरियन-६’ला उशीर झालेला. अमेरिकेच्या दिशादर्शन-उपग्रहांवर विसंबून राहायला नको म्हणून युरोपने ‘गॅलिलिओ’ ही आपली निराळी व्यवस्था उभारली आहे. त्या गॅलिलिओचे चार उपग्रह २०२४ मध्ये, एप्रिलात दोन व सप्टेंबरात दोन, फ्लोरिडाहून ‘फाल्कन-९’ या अमेरिकन कंपनीच्या अग्निबाणावरून गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारताचा ४,७०० किलो वजनाचा ‘जीसॅट-२०’ आपल्या अग्निबाणाला पेलणारा नव्हता. तोही त्याच फ्लोरिडाहून, फाल्कनवरूनच गेला.